आबांच्या यकृतावर आतडं चढलंय म्हणे. चिलायडिटी कुणाला माहीत आहे का?

अबोली_भांडुप | रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि गटगच्या (गाठीभेटींच्या) पलीकडे फिरकत नाही, पण दोन रात्री झोप नाही आणि घरात कुणाला विचारावं ते कळत नाही, म्हणून धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आबा, म्हणजे माझे वडील. वय ७१, गोदीतून निवृत्त. साखर नाही, बीपीची एक गोळी. बद्धकोष्ठाची तक्रार मात्र जुनी, इसबगोलाचा डबा उशाशी. गुरुवारी संध्याकाळपासून उजव्या बरगड्यांखाली दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून सोडा प्यायले. शुक्रवारी रात्री दुखणं पाठीपर्यंत गेलं, घाम फुटला, म्हणून जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. ईसीजी ठीक आला. मग छातीचा एक्सरे काढला आणि तिथून पुढे सगळी पळापळ. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी प्लेट दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, उजव्या पडद्याखाली, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या श्वासपटलाखाली, हवा आहे, आतडं फुटलंय, सर्जन निघालेत, तुम्ही डिपॉझिट भरा आणि इथे सही करा. आई होती तिथेच जमिनीवर बसली. माझ्या हातात पेन होतं, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात मावसभावाचा फोन आला. तो पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर असतो. त्याने एकच विचारलं, "आबांचं पोट दगडासारखं लागतंय का गं?" मी हात लावून बघितला, मऊ होतं. आणि आबा आतून ओरडत होते की सकाळपासून पोटात काही नाही, बाहेर वडापाव मिळतो का बघ. भाऊ म्हणाला, फुटलेल्या आतड्याचा माणूस वडापाव मागत नाही, घेऊन ये इकडे.

रात्री दोनला सीटी झाला. आतडं फुटलेलं नाही. रिपोर्टात लिहिलंय की मोठ्या आतड्याचा एक वेढा यकृत आणि श्वासपटलाच्या मध्ये जाऊन बसलाय, बाहेर मोकळी हवा कुठेही नाही, आतड्यात मळ बराच साठलाय. आणि खाली नाव, चिलायडिटी साइन. एनिमा दिला, पोट साफ झालं, आज सकाळी घरी सोडलं.

आता माझे प्रश्न. आतडं तिथे जातंच कसं? ते परत खाली आणता येतं का? आणि मुख्य म्हणजे पोट साफ होऊनही दुखणं जसंच्या तसं आहे. आबांनी आजाराचं नाव 'चिल्यादेवी' करून टाकलंय आणि तिला नारळ बोलतो म्हणतात. बाकीच्यांना हसू येत नाहीये.


खडूस_काका | रविवार, सकाळी १०:३१

मथळ्यावरून मला इटालियन शेवयांची पाककृती वाटली. असो. वडापाव दिलात का?


अबोली_भांडुप | रविवार, सकाळी १०:३३

नाही हो काका. सीटीआधी पाणीसुद्धा देऊ दिलं नाही.


एक्सरेवाले_मामा | रविवार, सकाळी ११:०५

अबोली ताई, मी डॉक्टर नाही. पण २८ वर्षं एक्सरे काढलेत, त्यातली निम्मी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात गेली. त्यामुळे प्लेटपुरतं बोलतो.

माणूस उभा राहिला की पोटातली मोकळी हवा वर जाते आणि पडद्याखाली अडकते. ती दिसते चंद्रकोरीसारखी. काळी, सलग, गुळगुळीत कोर, वर पडद्याची पातळ रेघ, खाली यकृताचा पांढरा ढीग. दहा मिनिटं नीट बसवून मग उभ्याने फिल्म घेतली तर एक-दोन मिलिलिटर हवासुद्धा पकडता येते. म्हणून पडद्याखाली काळं दिसलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा.

पण आतड्यातली हवा वेगळी दिसते. मोठ्या आतड्याला वळ्या असतात, दुधीला दोरे बांधावेत तसं ते जागोजाग आवळलेलं असतं. त्या काळ्या पट्ट्यात बारीक पांढऱ्या आडव्या रेघा दिसल्या तर हवा पिशवीच्या आत आहे, बाहेर सांडलेली नाही. शंका आली तर आम्ही पेशंटला डाव्या कुशीवर झोपवायचो, थोडा वेळ थांबायचो आणि आडवा किरण मारायचो. मोकळी हवा असेल तर ती सरकून यकृताच्या बाहेरच्या कडेला येऊन बसते. आतड्यातली हवा आपली जागा सोडत नाही. पेशंटला उभंही राहता येत नसेल तर हाच व्ह्यू कामाला येतो.

रात्रीच्या घाईत, पोर्टेबल मशीनवर, श्वास अर्धवट धरलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फिल्मवर त्या रेघा दिसतीलच असं नाही. मी स्वतः नोकरीत अशा तीन-चार प्लेटा पाहिल्या असतील, आणि पहिल्या वेळी मीही पळत जाऊन साहेबांना उठवलं होतं. शिव्या खाल्ल्या, पण साहेब म्हणाले पुढच्या वेळीही उठव.

आबांची जुनी प्लेट असेल घरात तर शोधा. खूप काही कळतं तीवरून.


सुगरण_माहीम | रविवार, सकाळी ११:२०

अगं अबोली, घाबरू नकोस बाई. ओवा, सैंधव आणि हिंग कोमट पाण्यातून दे. रात्री चमचाभर एरंडेल. आमच्याकडे सासऱ्यांना कायम गॅस वर चढायचा, असाच बरगडीत धरायचा.

आणि एक विचारू? त्यांना आतून दुखतंय की वरूनही झोंबतंय? म्हणजे सदरा लागला तरी नको होतं का?


अबोली_भांडुप | रविवार, सकाळी ११:२६

हो काकू, कालपासून बनियनसुद्धा घालू देत नाहीत. उकाड्यामुळे असेल. एरंडेल देऊ का हे मात्र विचारते आधी.

मामा, तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या वेळी छातीचा एक्सरे काढला होता. कपाटावर असेल, काढते.


खडूस_काका | रविवार, सकाळी ११:४०

ओव्यावरून गाडी बनियनवर आली. पुढचं स्टेशन लिंबू-मिरची.


सुरीकाटा | रविवार, दुपारी १:५०

मी जनरल सर्जन आहे. धाग्यावरून निदान करत नाही आणि करूही नये, एवढं आधीच सांगून ठेवतो. आता सावकाश लिहितो, ओपीडी नाही आज.

यकृत पोटात उजवीकडे वर, श्वासपटलाला अगदी चिकटून असतं. मध्ये कुणाला शिरायला जागाच नसते. यकृताला वर धरून ठेवणारे बंध असतात आणि मोठं आतडंही आपापल्या जागी बांधलेलं असतं. यातलं काही एक सैल झालं की फट पडते. आतडं जन्मतःच जास्त लांब आणि लोंबतं असेल, किंवा वर्षानुवर्षांच्या बद्धकोष्ठाने फुगून ताणलं गेलं असेल, तर ते हलकं, हवेने भरलेलं नळकांडं वर तरंगत जातं. सिरॉसिसमध्ये यकृत आकसतं, तिथे आयतीच जागा होते. उजव्या बाजूचं श्वासपटल दुबळं पडून वर उचललं गेलं असेल, फुप्फुसांच्या जुन्या आजाराने छातीचा पिंजरा फुगला असेल, बाळंतपणांनी किंवा लठ्ठपणाने पोटातला दाब बदलला असेल, तरी घडतं. बहुतेक वेळा जाणारा वेढा मोठ्या आतड्याचा उजवीकडच्या वळणाजवळचा असतो, क्वचित लहान आतडंही जातं. बायकांपेक्षा पुरुषांत आणि उतारवयात जास्त.

आता शब्द नीट घ्या, कारण इथेच घोळ होतो. नुसतं आतडं तिथे दिसलं आणि माणसाला काही त्रास नाही, तर ते 'साइन', खूण. त्यामुळेच पोट दुखतंय, फुगतंय, उलट्या होतायत, असं ठरलं तर 'सिंड्रोम', आजार. आबांच्या रिपोर्टात साइन लिहिलंय. रेडिओलॉजिस्टने मोजून शब्द वापरलाय. त्याने फोटोत काय आहे ते सांगितलं, दुखतंय कशाने ते सांगितलेलं नाही.

आणि म्हणून मला तुमच्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य खटकतंय. आतडं दोषी असतं तर एनिमानंतर, पोट साफ होऊन हवा निघाल्यावर, दुखणं निदान कमी व्हायला हवं होतं. आराम, सलाइन, नाकातून नळी, एनिमा, जुलाबाचं औषध, एवढ्यावर बहुतेकांना उतार पडतो. इथे आतडं रिकामं झालं आणि दुखणं जिथल्या तिथे. तेव्हा बाकीचं बघितलंय का? पित्ताशय, मूत्रपिंडाचा खडा, उजव्या फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया, यकृतातला गळू? आपल्याकडे अमीबाचा गळू अजून सर्रास दिसतो आणि तोही उजवा पडदा वर ढकलतो.

त्या नर्सिंग होममधल्या पोरावर मात्र फार राग धरू नका. आम्हाला शिकवलंच जातं की पडद्याखाली हवा म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत फुटलेलं आतडं. टायफॉइडचा व्रण, ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) अल्सर फुटलेले पेशंट मी रात्री-अपरात्री उघडलेत, आणि तिथे तासाभराचा उशीरसुद्धा महागात पडतो. चूक हवा दिसली म्हणण्यात नव्हती, पोटावर हात न ठेवता सही मागण्यात होती. चिलायडिटीला फुटलेलं आतडं समजून पोट उघडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या आहेत.

मावसभावाचा प्रश्न चांगला होता, पण तोही रामबाण नव्हे हं. म्हाताऱ्यांचं, स्टिरॉइड घेणाऱ्यांचं पोट आतून फुटलेलं असूनही मऊ लागू शकतं. वडापाव ही तपासणी नाही. सीटी केलात हे उत्तम.


जुनी_पानं | रविवार, दुपारी ३:१५

इतिहासाचा किडा चावला म्हणून लिहितोय. दिमित्रिओस चिलायडिटी हा ग्रीक क्ष-किरण तज्ज्ञ. १९१० साली व्हिएन्नात असताना त्याने तीन रुग्णांवर एक जर्मन लेख छापला. रंटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये, म्हणजे तंत्र जेमतेम पंधरा वर्षांचं. जिवंत माणसाच्या आत कोण कुठे बसलंय हे तोवर हाताने चाचपून नाहीतर शवविच्छेदनातच कळायचं.

मला गंमत वाटते ती त्याच्या मथळ्याची. त्यात आतड्याचं नावच नाही. त्याचा विषय होता यकृताचं खाली उतरणं, आणि त्याने लिहिलं 'यकृताचे तात्पुरते, अंशतः सरकणे'. तात्पुरते! म्हणजे आतडं आज तिथे, उद्या नसेल, हे पहिल्याच लेखात आलेलं आहे. मामांनी जुनी प्लेट काढायला सांगितली ती म्हणूनच.

जाता जाता, ग्रीक नाव असल्याने सुरुवातीचा उच्चार 'च' नाही, 'ह'च्या जवळचा आहे. आबांची चिल्यादेवी त्याहून बरी.


सुरीकाटा | रविवार, दुपारी ३:२२

आमच्या कॉलेजात 'कायलाडिटी' म्हणायचे. परीक्षेत चालून गेलं.


पेशंट_नं_२ | रविवार, सायंकाळी ६:४०

हा धागा बघून लॉग इन केलं, तीन वर्षांनी पासवर्ड आठवला. मी बोरिवलीचा, वय ५४, आणि माझ्याकडे ही चीज आहे.

मला कळलं ते अपघातानेच. ऑफिसच्या तपासणीत सोनोग्राफीवाल्या मॅडम दहा मिनिटं प्रोब दाबत बसल्या आणि म्हणाल्या, तुमचं यकृत अर्धंच दिसतंय, वर सगळा गॅस आहे. हवेतून सोनोग्राफीच्या लहरी जात नाहीत. मला वाटलं यकृत अर्धं खराब झालंय. दोन दिवस बायकोशी मृत्युपत्रावर बोललो. मग सीटीत उलगडलं.

त्रास? वर्षातून दोन-तीनदा. जेवण जड झालं आणि दोन दिवस पोट साफ नाही झालं की उजवीकडे फुगवटा, वाकलं की श्वास अडकल्यासारखा. आडवं झालं, हवा सरली, की बरं. कधी खांद्यातही दुखतं. पडदा डिवचला गेला की खांदा दुखतो असं डॉक्टर म्हणाले. पाणी, भाजी, चालणं आणि लोकलमध्ये उशीर झाला म्हणून कळ दाबून न ठेवणं, एवढं सांभाळतो. शेवटचं सगळ्यात कठीण. चर्चगेट ते बोरिवली प्रवास करणाऱ्याला समजेल.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी मला कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सांगितली. मी फॉर्मवर चिलायडिटी लिहिलंच नाही, मला काय माहीत त्याचा इथे संबंध आहे ते. टेबलावर जायच्या आधी सहज बोललो तर डॉक्टर थांबले. म्हणाले, दुर्बीण घालताना आतड्यात हवा भरतात, ती त्या वर अडकलेल्या वेढ्यात कोंडून राहू शकते, फुटण्याचा धोका वाढतो. साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो, आणि सगळं हळूहळू केलं. नीट पार पडलं. न बोलतो तर काय, याचा विचार करत नाही.


एक्सरेवाले_मामा | रविवार, सायंकाळी ६:५८

पेशंटसाहेबांना जोरदार अनुमोदन. यकृतात सुई घालायची असेल, बायोप्सी असो की पू काढायचा असो, तिथेही तेच. सुईच्या वाटेत आतडं बसलेलं. छातीत उजवीकडून नळी घालतानाही. हे आधी माहीत हवं.


अबोली_भांडुप | रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे खूप आभार, तुमच्या प्रतिसादांनीच दिवस निघाला.

सुरीकाटा डॉक्टर, पित्ताशयात खडे नाहीत, मूत्रपिंड ठीक, फुप्फुसाचा तळ स्वच्छ, यकृतात गळू नाही, हे सीटीत आहे. हृदयाचं रक्तही तपासलं, नॉर्मल.

जुनी प्लेट सापडली! नवरा ट्यूबलाइटसमोर धरून बघत होता. त्यात उजवीकडे असलं काही काळं नाही. म्हणजे हे तीन वर्षांत झालं?

आणि आता नवीन ताप. नवऱ्याच्या चुलतभावाने त्याच्या ओळखीच्या एका सर्जनला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला. ते म्हणाले, दुर्बिणीतून आतडं खाली ओढून टाके घालून बसवून टाकू, दुखणं कायमचं जाईल, बुधवारी या. आबा तयार आहेत. दुखणं एवढं आहे की ते कशालाही तयार आहेत. दीर म्हणतात, कारण सापडलंय तर थांबायचं कशाला?


सुरीकाटा | रविवार, रात्री १०:१५

थांबायचं, कारण कारण सापडलेलं नाही. जागा सापडलीये.

शस्त्रक्रिया असते, नाही असं नाही. आतड्याला पीळ पडला, रक्तपुरवठा तुटला, आतडं अडलं किंवा फुटलं, की ती तातडीने करावी लागते. वारंवार तोच त्रास होतोय, उपाय थकले, अशा मोजक्या लोकांत आतडं टाके घालून जागी बसवतात किंवा लांब झालेला भाग काढतात. आबांचं आयुष्यातलं हे पहिलंच दुखणं, पीळ नाही, अडथळा नाही, आणि आतडं रिकामं होऊनही फरक नाही. व्हॉट्सॲपवरच्या सर्जनने त्यांच्या पोटाला हात लावलाय का?

तीन वर्षांत झालं की येऊन-जाऊन आहे, ते दोन प्लेटांवरून सांगता येणार नाही. उद्या तिसरी काढली तर कदाचित पुन्हा दिसणारही नाही.

उलट्या, पोट फुगून टणक होणं, गॅस आणि शौच दोन्ही बंद, ताप, नाडी जोरात, यातलं काहीही दिसलं तर धागा वाचत बसू नका, उचला आणि न्या. नाहीतर दोन दिवस थांबा आणि ज्यांनी सीटी केला त्यांनाच दाखवा.


खडूस_काका | सोमवार, सकाळी ८:५५

एक गणिताची शंका. सगळीकडे 'दुर्मिळ, दुर्मिळ' लिहितात. मी थोडं वाचलं. साध्या एक्सरेत हे ०.०२५ ते ०.२८ टक्के लोकांत दिसतं म्हणे. सीटीत मात्र १.१८ ते २.४ टक्के. म्हणजे सीटी काढलेल्या शंभरात एक-दोन जण. आमच्या ८:२२च्या लोकलला एका डब्यात शंभर माणसं तर नुसती दारात लोंबकळतात. म्हणजे डब्यागणिक दोन-चार चिलायडिटी ठाण्याला चढत असतील आणि एकालाही पत्ता नाही. मग हे दुर्मिळ कसं?


सुरीकाटा | सोमवार, सकाळी ९:२०

काका, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. सीटीत इंचभर सरकलेला वेढाही दिसतो आणि पेशंट आडवा असतो, म्हणून आकडा वाढतो. शिवाय सीटी काढणारे आधीच कसल्या ना कसल्या तक्रारीने आलेले असतात, तेव्हा तुमच्या डब्याला तो आकडा सरळ लावता येणार नाही. पण मुद्दा बरोबर आहे. खूण इतकीही दुर्मिळ नाही, तिच्यामुळे आजार होणं दुर्मिळ. आणि म्हणूनच कुणाच्या पोटात ती सापडली की लगेच तिच्या गळ्यात सगळं दुखणं बांधायचं नसतं.


सुगरण_माहीम | सोमवार, दुपारी १२:१०

अबोली, कसे आहेत गं आबा? एरंडेल दिलं का?


अबोली_भांडुप | सोमवार, दुपारी १२:४५

नाही काकू, डॉक्टरांनी दुसरं पातळ औषध दिलंय. दुखणं आहेच. आई गरम पाण्याची पिशवी धरून बसलीये.


अबोली_भांडुप | मंगळवार, दुपारी २:०५

मंडळी, बसून वाचा.

आज सकाळी आंघोळीच्या वेळी आईला आबांच्या उजव्या बरगडीवर लाल चट्टा आणि त्यावर पाणी भरलेले बारीक फोड दिसले. तिने कपाळावर हात मारला, म्हणाली, माझ्या पिशवीने भाजलं यांना. रडायलाच लागली. मग मी बघितलं तर फोड पिशवी जिथे धरली होती तिथेच नाहीत, मागे पाठीच्या कण्यापासून सुरू होऊन पट्ट्यासारखे पुढे आलेत आणि छातीच्या मधल्या रेघेशी येऊन थांबलेत. डावी बाजू साफ.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सदरा वर केला आणि खुर्चीत बसायच्या आत म्हणाले, नागीण आहे.

गुरुवारपासूनचं दुखणं ते. फोड पाचव्या दिवशी आले.

बनियन!!! सुगरण काकू, तुम्ही रविवारी सकाळीच विचारलं होतं आणि मी उकाड्यावर ढकललं.


खडूस_काका | मंगळवार, दुपारी २:१८

लिंबू-मिरचीवाला प्रतिसाद मागे घेतो. काकू, तुमची ओपीडी कुठे असते?


सुगरण_माहीम | मंगळवार, दुपारी २:४०

अरे मला कसलं आलंय डोंबल. सासऱ्यांनाही बनियन नको व्हायची आणि त्यांना खरंच गॅसच होता. मी गॅससाठीच विचारलं होतं.


सुरीकाटा | मंगळवार, दुपारी ३:०५

बनियनचा प्रतिसाद मीही वाचला होता आणि त्यावरून पुढे गेलो. कातडीला नुसता कपडा लागून दुखतंय म्हणजे दुखणं पोटातलं नसून नसेतलं असू शकतं, हे मला सुचायला हवं होतं. पण मीही धाग्याचा मथळा वाचून आतड्यातच शिरलो होतो.

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या नसेवाटे बाहेर येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला. आधी दुखतं, फोड नंतर, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने. मधल्या काळात हा आजार हृदयविकार, पित्ताशय, मूत्रखडा, वाटेल ते सोंग घेतो. आबांच्या बाबतीत त्याला सोंगासाठी तयार पोशाख मिळाला.

विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर फायदा जास्त. सुरू केल्यात ना?


अबोली_भांडुप | मंगळवार, दुपारी ३:२०

हो, दुपारीच पहिली गोळी दिली. नसेच्या दुखण्याची वेगळी गोळीही दिलीये.

आता नवीनच संकट. चाळीतून आत्या आली आहे. दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावायचा म्हणते, आणि नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणून आईला घाबरवून ठेवलंय. आबा स्वतः टेप घेऊन पट्टा मोजतायत.


एक्सरेवाले_मामा | मंगळवार, दुपारी ३:३५

तोंड-शेपूट जुळत नाही ताई. प्रत्येक नस आपापल्या बाजूची, मधल्या रेघेपाशी संपते. आत्याबाईंना सांगा, नागीण उजव्या बाजूच्या मालकीची आहे, डावीकडे तिला प्रवेश नाही.


सुरीकाटा | मंगळवार, दुपारी ३:५०

दूर्वा-तांदूळ पोटात गेले तर हरकत नाही, फुटलेल्या फोडांवर नकोत. जंतू शिरतात. साध्या पाण्याने स्वच्छ, कोरडं आणि सैल सुती कापड. घरात कुणी गरोदर असेल किंवा कांजिण्या न झालेलं लहान मूल असेल तर फोड सुकेपर्यंत लांब ठेवा.

आणि बुधवारची ती टाके घालायची अपॉइंटमेंट?


अबोली_भांडुप | मंगळवार, दुपारी ४:०२

रद्द केली. दीर अजून म्हणतायत की एवीतेवी आतडं वर आहेच तर करून टाकायला काय हरकत होती.


पेशंट_नं_२ | मंगळवार, रात्री ८:२५

दिरांना माझ्याकडे पाठवा. माझं वर आहे, गेली काही वर्षं आहे, ८:०५ची फास्ट पकडतो.

पण ताई, नागीण निघाली म्हणून चिलायडिटी विसरू नका हं. ते खरंच आहे तिथे. उद्या आबांना पुन्हा काही झालं आणि पुन्हा कुणी रात्री प्लेट दिव्यासमोर धरली, तर परत सही मागतील. आणि तेव्हा तुम्ही तिथे नसाल कदाचित. कागदावर लिहून ठेवा.


एक्सरेवाले_मामा | मंगळवार, रात्री ८:५०

मी मजकूर देतो, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहून पाकिटात ठेवायला सांगा. "माझ्या उजव्या श्वासपटलाखाली मोठ्या आतड्याचा वेढा असतो. एक्सरेत पडद्याखाली हवेसारखं दिसू शकतं. सीटी अमुक तारखेला झाला आहे. यकृतात सुई, छातीत नळी किंवा कोलोनोस्कोपी करण्यापूर्वी हे लक्षात घ्या." खाली डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. आणि सीटीची फिल्म किंवा सीडी गादीखाली ठेवू नका. लोक गादीखाली ठेवतात आणि मग ती सुरकुतलेली आमच्याकडे आणतात.


सुरीकाटा | मंगळवार, रात्री ९:१०

मजकूर उत्तम. एकच जोडा. "तरीही पोट तपासून बघा." चिलायडिटी असलेल्या माणसाचंही आतडं एखाद दिवशी खरंच फुटू शकतं. कार्ड बघून कुणी निर्धास्त होऊ नये.


अबोली_भांडुप | पुढच्या सोमवारी, सकाळी १०:३०

उशीर झाला, माफी. फोड सुकून खपल्या धरल्यात. दुखणं निम्म्यावर आलंय, रात्री चार तास सलग झोपतात. पहिल्यांदा बनियन घातली काल, घरात सण असल्यासारखं वाटलं. पोट रोज साफ व्हावं म्हणून औषध चालू ठेवलंय आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत जाऊन येतात.

कार्ड केलं. ज्यांनी सीटी केला त्या डॉक्टरांनी हसत सही केली, शिक्काही दिला. आबांनी परवा चालताना स्टेशनजवळून ते लॅमिनेट करून आणलं. मागच्या बाजूला गोदीचं जुनं ओळखपत्र लावलंय आणि समोर येईल त्याला दाखवतात, भाजीवाल्यालासुद्धा. चिल्यादेवीचा नारळ फोडून झाला, मुद्दाम उजव्या हाताने.


खडूस_काका | सोमवार, सकाळी १०:४४

लॅमिनेट करायच्या आधी झेरॉक्स काढून ठेवली का? पुढच्या वेळी कुणाला त्यावर काही लिहायचं असेल तर पेन चालणार नाही त्याच्यावर.


अबोली_भांडुप | सोमवार, सकाळी १०:४६

नाही काढली.


खडूस_काका | सोमवार, सकाळी १०:४७

मला वाटलंच.